हवेचा हिशेब: तेर ते परांडा

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात सातवाहन काळातली मातीची भांडी आहेत. त्यांत एक जात अशी, की पोट विटेसारखे तांबडे आणि तोंडाचा काठ व आतली बाजू कोळशासारखी काळी. पुरातत्त्वज्ञ त्यांना काळी-तांबडी भांडी म्हणतात. पाहणाऱ्याला वाटते, कुंभाराने आतून काळा रंग दिला असेल. तसे नाही. माती एक, कुंभार एक, आवाही एकच. फरक एवढाच, की भाजताना भांड्याच्या बाहेरच्या अंगाला हवा मिळाली आणि आतल्या अंगाला मिळाली नाही. शाळेत आपण ऑक्सिडीकरण शिकतो ते बहुधा गंजलेल्या खिळ्यावरून, आणि म्हणून ते नासाडीचे नाव म्हणून डोक्यात बसते. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास वेगळे सांगतो. तेरचा आवा, घरोघरची कल्हई, तुळजाभवानीची दिवटी आणि परांड्याच्या तोफा यांच्या मागे रसायन एकच आहे. त्यातून वस्तू घडणार की बिघडणार, हे हवा किती, केव्हा आणि कुठे लागू द्यायची यावर ठरते. तो हिशेब इथल्या कारागिरांनी रसायनशास्त्र जन्मण्याच्या कितीतरी आधी मांडला होता.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तिथला माल, मुख्यतः कापड, गाड्यांवर लादून वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदरात जात असे, असेही तो सांगतो. तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर बराच खल झाला. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर असल्याचे मांडले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केले, नंतरही वेळोवेळी खोदकाम झाले, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या हजारो वस्तूंमधून संग्रहालय उभे राहिले. रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा, हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि नाना रंगांचे मणी यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने तेरच्या भट्टीकडे कमी लक्ष गेले. कापड कुजून गेले, गाड्या मोडून गेल्या, पण भाजलेली माती टिकली. तगरचा जो पुरावा आज आपण हातात घेऊ शकतो, त्याचा मोठा भाग आगीतून आणि हवेतून तावून निघालेला आहे.

या भागातल्या मातीत लोह भरपूर आहे. सगळा मुलूखच लाव्हारसाच्या काळ्या खडकाचा, आणि त्या खडकाच्या झिजेतून माती झालेली. भट्टीत हे लोह प्राणवायूशी कितपत जोडले जाते, त्यावर भांड्याचा रंग ठरतो. भरपूर हवा मिळाली तर लोहाचा तांबडा ऑक्साइड तयार होतो आणि मडके लाल निघते. हवा कोंडली की अर्धवट जळालेल्या सरपणातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. तो लोहाच्या ऑक्साइडमधून प्राणवायू ओढून घेतो, काजळीचे कण मातीच्या छिद्रांत शिरतात आणि मडके काळे होते. पहिल्या प्रक्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात, दुसरीला क्षपण. त्या दोन एकमेकींना चिकटूनच चालतात. एकाने प्राणवायू दिला तरच दुसऱ्याला तो मिळतो. कुंभार हे कसे साधतो? आव्यात कच्ची भांडी रचून भोवती गोवऱ्या, पाचट, तुराट्या भरल्या जातात आणि वर माती-राखेचा थर दिला जातो. त्या थरात किती फटी ठेवायच्या आणि त्या कोणत्या वेळी बुजवायच्या, यातच सगळे कौशल्य. शेवटच्या टप्प्यात आवा उघडला तर माल लाल निघतो, झाकलेलाच थंड होऊ दिला तर काळा. काळ्या-तांबड्या भांड्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या आहेत. भांडे पालथे ठेवून भाजले, तोंड राखेत आणि जळत्या काटक्यापाचोळ्यात रुतले, म्हणून आतून काळे झाले, असे स्पष्टीकरण बहुतेक जण देतात. ही भांडी दोनदा भाजली असावीत, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. या वादाने मुद्द्याला बाध येत नाही, कारण दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: हा रंग हवेने दिलेला आहे आणि हवेचा मार्ग माणसाने ठरवलेला आहे.

याचा उलट पुरावाही तेरमध्येच आहे. दोन साच्यांतून काढून जोडलेल्या, आतून पोकळ अशा केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती इथे सापडल्या आहेत. त्या भाजूनही पांढऱ्याच राहिल्या. या मातीत लोह जवळजवळ नसतेच, त्यामुळे हवा कितीही दिली तरी तांबडेपणा येणार कुठून? मूर्तिकाराने ही माती मुद्दाम निवडली, म्हणजे रंग भट्टीत मिळतो पण त्याचे मूळ मातीत असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. मण्यांचीही गोष्ट तीच. काचेत तांबे असेल आणि भट्टीत मोकळी हवा असेल तर काच निळसर-हिरवी होते. हवा कोंडली तर तेच तांबे काचेला अपारदर्शक लाल करते. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे विटांचे बांधकाम पाहतानाही हे ध्यानात ठेवावे. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेली ही जुनी वास्तू चैत्यगृहाच्या घाटाची आहे. जुन्या काळच्या जाड विटा फोडल्या की पुष्कळदा बाहेर लाली आणि गाभ्यात काळा पट्टा दिसतो. विटेच्या मातीत मिसळलेला भुसा जळायला जेवढी हवा लागते तेवढी गाभ्यापर्यंत पोचलेली नसते. पोचली तर भुसा पूर्ण जळून त्याचा वायू होतो, मागे बारीक पोकळ्या उरतात आणि वीट हलकी होते. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असे सांगितले जाते, त्याचा उलगडाही अशा पोकळ्यांतच शोधावा लागेल.

इथे एक शंका रास्त आहे. मडके पक्के होते ते उष्णतेने. मग श्रेय हवेला का द्यायचे? उत्तर असे, की ही दोन कामे वेगळी आहेत आणि कुंभाराला ती वेगळी ठाऊक होती. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. जमलेल्या संतमंडळींत कच्चे कोण आणि पक्के कोण, हे गोरोबांनी थापटण्याने डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा मराठी माणसाला पाठ असते. कथेतला आध्यात्मिक अर्थ बाजूला ठेवला तरी त्यातली कसोटी खास कुंभाराची आहे. मडक्याचा पक्केपणा आवाजावरून जोखायचा, रंगावरून नाही. उष्णतेने मातीचे कण एकमेकांत जखडले की आवाज खणखणीत येतो, मग मडके लाल असो की काळे. रंग हवेचा हिशेब सांगतो, नाद तापाचा. धंद्यात मुरलेला माणूस या दोन खुणांची गल्लत करत नाही, आणि आपणही ऑक्सिडीकरणाच्या खात्यात भट्टीचे सगळे गुण जमा करण्याचे कारण नाही.

या सगळ्या प्रक्रियांमागे एकच गोष्ट आहे हे कळायला अठराव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. धातू तापवला की त्यातून काहीतरी निघून जाते, अशी तेव्हाच्या युरोपातली समजूत होती. १७७४ मध्ये अँत्वान लाव्वाझिए याने बंद पात्रात कथील तापवले. कथलाची राखाडी भुकटी झाली, पण पात्राचे एकूण वजन होते तेवढेच राहिले. पात्र उघडताच हवा आत घुसली आणि तेव्हा कुठे वजन वाढले. म्हणजे धातूने पात्रातल्या हवेचा एक भाग स्वतःशी जोडून घेतला होता. त्या भागाला पुढे त्यानेच ऑक्सिजन हे नाव दिले. नवल असे, की ज्या कथलाच्या जळण्यातून हा सिद्धान्त उभा राहिला, त्याच कथलाने आपल्या घरांतली तांब्या-पितळेची भांडी ऑक्सिडीकरणापासून शतकानुशतके राखली. कल्हई म्हणजे दुसरे काय?

कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती कळकते. आंबटपणाने धातू विरघळतो असे आपण म्हणतो, पण ते पुरते खरे नाही. चिंचेतले किंवा ताकातले सौम्य आम्ल एकट्याने तांब्याचे फारसे काही बिघडवू शकत नाही. आधी हवेतला प्राणवायू तांब्यावर ऑक्साइडचा थर चढवतो, मग आम्ल तो थर विरघळवते, उघड्या पडलेल्या तांब्यावर पुन्हा थर चढतो, आणि असे करता करता तांब्याचे विषारी क्षार अन्नात उतरतात. कल्हईवाला हा फेरा मुळातच तोडतो. भात्याने कोळसे फुलवून तो भांडे तापवतो आणि आत नवसागर फेकतो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो, कारण तापलेला नवसागर फुटून त्यातून निघणारे आम्ल धातूवरचा ऑक्साइड खरवडून नेते. स्वच्छ झालेल्या तापत्या अंगावर कथलाची कांडी टेकवली की ती लगेच वितळते; २३२ अंश सेल्सिअसला कथील पातळ होते. मग कापसाच्या बोळ्याने किंवा चिंधीने ते भांडेभर फिरवायचे. यातला नवसागराचा टप्पा गाळला तर कथील धरतच नाही, कारण ऑक्साइडवर ते बसत नाही. ही गोष्ट कल्हईवाल्याला कोणी सूत्रांत सांगितली नव्हती, पण टप्प्यांचा क्रम तो कधी चुकवत नसे. आणि कल्हईही कायमची नसते. ती झिजते, म्हणून वर्षाकाठी पुन्हा लावून घ्यावी लागते. स्टेनलेस स्टीलची भांडी आली आणि हा धंदा मागे पडला. गंमत अशी, की स्टीलही ऑक्सिडीकरणाच्याच बळावर चकचकीत राहते. त्यातले क्रोमियम हवेशी संयोग पावून डोळ्यांना न दिसणारा घट्ट थर धरते आणि तो ओरखडला तर पुन्हा आपोआप भरून येतो. कल्हईवाल्याची दरवर्षीची फेरी धातूच स्वतः मारू लागला, म्हणून माणसाचे काम गेले.

अग्नी हेच मुळी वेगाने चाललेले ऑक्सिडीकरण, आणि या जिल्ह्यात अग्नी हाताळण्याची सर्वांत रुळलेली रीत तुळजाभवानीच्या उपासनेत आहे. गोंधळी आणि आराधी यांच्या हातातल्या दिवटीला चिंध्या गुंडाळलेल्या असतात आणि सोबतच्या बुधलीतून त्यांच्यावर तेल घातले जाते. रात्रभर जळूनही चिंध्या लवकर संपत नाहीत, कारण जळते ते तेल. तापलेल्या तेलाची वाफ चिंध्यांच्या बाहेर हवेला भेटते आणि तिथे पेट घेते. तेल झिरपत असेपर्यंत आतले कापड तितके तापतच नाही. बुधली थांबली की कापड जळू लागते. दिवटीचा पिवळा प्रकाशही अपुऱ्या हवेचीच देणगी आहे. ज्योतीत कार्बनचे कण पुरते न जळता तापून उजळतात, म्हणून उजेड पडतो. हवा पुरेपूर मिळाली असती तर गॅसच्या शेगडीसारखी निळसर, मंद प्रकाशाची ज्योत मिळाली असती. शेगडीला ते हवे, दिवटीला नको. नवरात्रात तुळजापुराहून ज्योत घेऊन शेकडो तरुण आपापल्या गावी पायी जातात. वाऱ्यात ती विझू द्यायची नाही आणि भडकूही द्यायची नाही, हे प्रत्येक मंडळाला वाटेवर साधावे लागते.

हवेवरचा ताबा टोकाला गेला तो परांड्याच्या किल्ल्यात. बहमनी काळातला, महमूद गवानाशी परंपरेने जोडला जाणारा हा भुईकोट १६०० मध्ये अहमदनगर पडल्यानंतर काही काळ निजामशाहीची राजधानी होता. बुरुजांवरच्या तोफा चालवणारी बारूद म्हणजे साधारण पाऊण भाग सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. कोळसा जळायला हवा लागते. पण तोफेच्या नळीत ठासून भरलेल्या दारूला हवा मिळणार कुठून? ती सोऱ्यात बांधलेली असते. सोऱ्याच्या प्रत्येक रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात आणि ठिणगी पडताच ते कोळसा-गंधकाच्या हवाली होतात. कुंभार हवा वाटेत अडवत होता. तोफखान्याने ती पुडीत भरून गोदामात साठवली. ज्या लाव्वाझिएने कथील तापवून पाहिले, तोच १७७५ पासून फ्रान्सच्या बारूदखात्याचा एक प्रमुख होता, आणि पुढे लाप्लासबरोबर गिनीपिगचा श्वास मोजून त्याने दाखवले की प्राण्याचे श्वसन हेही मंद ज्वलनच आहे. भांडे, बारूद आणि श्वास या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या कामात एकत्र याव्यात हा योगायोग म्हणता येणार नाही. तिन्हींत एकच व्यवहार चालतो हे त्यालाच प्रथम स्पष्ट दिसले.

परांड्याच्या तोफांचा दुसरा धडा टिकण्याचा आहे. आज विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी याने अहमदनगरला ओतली. ती काही काळ परांड्यात होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. धातू ढोबळ मानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील. पावणेपाचशे वर्षे ऊन-पाऊस खाऊनही ती धडधाकट आहे. तिच्यावर ऑक्सिडीकरण झाले नाही असे नव्हे. झाले, आणि त्यातून जो काळपट-हिरवट थर बसला तो धातूला घट्ट चिकटला. खालच्या धातूला हवा मिळेनाशी झाली आणि प्रक्रिया जवळपास थांबली. लोखंडाचे तसे होत नाही. गंज हा पाणी धरणारा, भुसभुशीत आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापणारा असतो. तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि प्रत्येक पापुद्र्यामागे नवे लोखंड हवेसमोर येते. तरी लोखंडालाही हा शाप अटळ नाही. दिल्लीच्या लोहस्तंभातल्या जास्तीच्या फॉस्फरसमुळे त्याच्यावर घट्ट थर बसला आणि तो सोळाशे वर्षे उभा आहे. म्हणजे एकच अभिक्रिया एका धातूला चिलखत चढवते आणि दुसऱ्याला पोखरते. शेजारच्या बिदरचे कारागीर तर ती शोभेसाठी वापरतात. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूला ते किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर लावून गडद काळे करतात, आणि त्या काळ्यावर चांदीची नक्षी उठून दिसते.

यावर रसायनशास्त्राचा अभ्यासक हरकत घेईल. ऑक्सिडीकरणाची आजची व्याख्या प्राणवायूपुरती नाही. अणूने इलेक्ट्रॉन गमावले की त्याचे ऑक्सिडीकरण झाले, मग समोर प्राणवायू असो वा नसो. जत्रेतले काळपट केलेले चांदीचे पैंजण घ्या: त्या काळ्या थरात प्राणवायू नाही, गंधक आहे, तरी चांदीने इलेक्ट्रॉन दिले म्हणून ते ऑक्सिडीकरणच. मग हवेचा हिशेब ही मांडणी जुनी नाही का ठरत? सिद्धान्त म्हणून ती अपुरी आहे, हे मान्य. पण व्यापक व्याख्येने या लेखातला मुद्दा उलट पक्का होतो. इलेक्ट्रॉन कुणीतरी दिल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाहीत, म्हणून कोणतेही ऑक्सिडीकरण एकटे घडत नाही. प्रश्न नेहमी असतो तो देणारा कोण, घेणारा कोण आणि त्यांची गाठ कोण घालतो. आव्यात लोह देते आणि धुरात परत घेते. आपल्या पेशींत भाकरीतली साखर देते आणि श्वासातला प्राणवायू घेतो, पण विकरांच्या साखळीतून, पायरीपायरीने, म्हणून अंग पेटत नाही, नुसते उबदार राहते. या मुलखात आणि इतिहासाच्या बहुतेक काळात घेणारा प्राणवायूच होता, आणि माणसाच्या हातात होते ते त्याची वाट उघडणे किंवा बुजवणे.

दुसरी हरकत इतिहासकाराची. ज्यांना प्राणवायू माहीत नव्हता त्यांच्या कामाला ऑक्सिडीकरणाचे नियंत्रण म्हणणे म्हणजे आपले ज्ञान त्यांच्या माथी मारणे नव्हे का? कुंभाराला सिद्धान्त ठाऊक होता असे म्हटले तर हा आक्षेप लागू पडेल. तसे म्हणण्याचा इरादा नाही. कारण सांगता येणे आणि परिणाम हुकमी घडवता येणे ही ज्ञानाची दोन अंगे आहेत. लाव्वाझिएकडे पहिले होते. तेरच्या काळ्या-तांबड्या भांड्याचा कर्ता दुसऱ्यात पारंगत होता. हा गुण चुकून एखाद्या भांड्यात उतरला असता तर त्याला अपघात म्हणता आले असते. तोच परिणाम भांड्यामागून भांड्यात, पिढ्यानपिढ्या आणि दख्खनभर मिळत राहतो, तेव्हा त्याला कसब म्हणावे लागते, आणि कसबाला त्याच्या रासायनिक नावाने ओळखणे हा अन्याय नाही. अन्याय होतो तो उलटा: पुस्तकात ऑक्सिडीकरणाची उदाहरणे देताना गंज, खवट तेल आणि कापून काळी पडलेली वांगी एवढीच यादी येते, आणि वीट, मडके, कल्हई, दिवटी हे हिशेब जमवून केलेले वापर गळून जातात.

या विचाराचा आजच्या जिल्ह्याला रोकडा उपयोग आहे. किल्ल्यातल्या लोखंडी वस्तू मातीत लोळत ठेवल्या तर पावसाळ्यात ओल धरून राहते आणि गंजाला वर्षातले कितीतरी महिने मोकळे मिळतात. त्या ओट्यावर उचलून ठेवणे, पाणी साचू न देणे आणि मेणासारखे आवरण वेळोवेळी नव्याने देणे ही कामे फार खर्चाची नाहीत, पण ती एकदा करून संपत नाहीत. पितळी किंवा कांस्य वस्तू घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जो थर आपण मळ म्हणून काढतो तोच तिचे रक्षण करत असतो. कुठला थर ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे ओळखण्याला आज संवर्धनशास्त्र म्हणतात. कुंभार आणि कल्हईवाले हाच निवाडा रोज करत आले. म्हणून तेर आणि परांड्याच्या वारशाची नोंद करताना मूर्ती, बुरूज आणि तोफांच्या जोडीला आवा रचण्याची आणि कल्हई चढवण्याची रीतही, ती जाणणारी माणसे आहेत तोवर, टप्प्याटप्प्याने लिहून आणि चित्रित करून ठेवायला हवी. वस्तू टिकवण्याचे शास्त्र त्या रीतीत आहे, आणि ते विसरून नुसत्या वस्तू जपायला गेलो तर हवा आपला हिशेब आपल्याला न विचारता पुरा करील.